जे टळलं, त्याचं ऋण

माणूस बेघर झाला की कधीतरी, कुठेतरी त्याची नोंद होते. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक स्टेशनांवर, फुटपाथांवर, पुलांखाली फिरले आणि देशात 17 लाख 73 हजार माणसं छपराविना राहतात, हे कागदावर आलं. पण बेघर होता होता जी माणसं राहिली, त्यांचा आकडा कुठल्याच दप्तरात सापडत नाही. काही घडलंच नाही, तर लिहायचं काय?

आमचं घर अशा न लिहिलेल्यांपैकी आहे. म्हणून ही नोंद मीच करून ठेवते आहे. ज्यांच्यामुळे आम्ही तरलो, त्यांपैकी कुणाला आपण काही विशेष केलं असं आज आठवणारही नाही. त्यांची ड्युटी होती, त्यांनी ती केली.

आम्ही कोल्हापुरात सुतारवाड्यात भाड्यानं राहायचो. दसरा चौकातून खाली उतरलं की जयंती नाल्याच्या अंगाला ही वस्ती लागते. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी पुढे जायचं सोडून मागे सरतं आणि आमच्या उंबऱ्यांशी येऊन थांबतं. त्यामुळे पावसाळ्यात टीव्हीवरच्या हवामानापेक्षा राजाराम बंधाऱ्याचा आकडा आम्हाला महत्त्वाचा. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. हे दोन आकडे आमच्या गल्लीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

"किती झालं?"

"एक्केचाळीस."

"मग अजून एक चहा हुतोय."

अण्णा शिंपीकाम करायचे. पुढची खोली दुकान, मागची खोली घर. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, साड्यांना फॉल-बिडिंग. घर चालायचं ते त्या एका मशीनवर. मी तेव्हा शिक्षिका होण्यासाठी शिकत होते. आई हातशिलाई, काजं-बटणं करायची. वाडा जुना, भिंती पांढऱ्या मातीच्या, मालक गावातच दुसरीकडे राहणारा. भाडं कमी होतं आणि कमी होतं म्हणूनच मालकाच्या डोळ्यांत खुपत होतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला, उपसा केंद्रं बुडाली, सगळीकडे पाणीच पाणी आणि शहरात प्यायला पाणी नाही. पण आमच्या बाबतीत जे ठरायचं, ते त्याच्याही आधी, पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं त्या रात्री ठरलं.

महापालिकेचा एक मुकादम आमच्या भागात होता. रोज पहाटे झाडूवाल्यांची हजेरी घ्यायचे, गटारं तुंबली की शिव्या खायचे. गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्या रात्री मामा फाटका रेनकोट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून दारोदार फिरत होते.

"उठा. चित्रदुर्ग मठ उघडलाय. अंथरूण, औषधं, कागदं तेवढी घ्या. बाकीचं ऱ्हाऊ दे."

अण्णा मशीनच्या स्टुलावर बसले होते. "मशीन सोडून मी हलत न्हाई," म्हणाले.

मामांनी वाद घातला नाही. महापूर किती भयंकर असतो, सरकारचा आदेश काय आहे, यातलं काहीच सांगितलं नाही. "पान्हा हाय काय?" एवढंच विचारलं. पट्टा सोडवला, स्क्रू ढिले केले, मशीनचं हेड स्टँडवरून उचललं, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं. दारातून बाहेर पडताना म्हणाले, "मशीन निघालं मठात. तुमी येताय काय न्हाई, ते तुमचं तुमी बघा."

अण्णा मागोमाग चालायला लागले.

स्टँड बुडालं, गंजलं, भंगारात गेलं. हेड राहिलं. पाणी ओसरल्यावर जुन्या बाजारातून एक स्टँड आणलं आणि दसऱ्याच्या आत मशीन पुन्हा चालू झालं. आता हिशेब मांडताना कळतं, की आमचं घर वाचलं त्यातला मोठा वाटा त्या हेडचा होता. छप्पर भाड्यानं मिळतं, पण भाडं कमावण्याचं साधन एकदा गेलं की छप्पर फार दिवस टिकत नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या कुठल्या पुस्तकात मशीन उचला असं लिहिलं असेल, असं मला वाटत नाही. मामांना ते माणूस ओळखून सुचलं.

दसरा चौकातल्या मठात आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं होती. सुतारवाड्याला ही जागा नवी नाही. पाणी चढलं की लोक तिकडेच जातात. तालमी आणि मंडळांची पोरं जेवण आणून द्यायची, महापालिकेचे डॉक्टर सकाळी फेरी मारायचे, फिनेल टाकून जायचे. बायकांसाठी वेगळी बाजू, पोरांच्या दुधासाठी वेगळी यादी. भात आणि आमटी सलग जेवून अण्णा वैतागायचे आणि कुणीतरी तांबडा रस्सा कधी येणार म्हणून हटकून विचारायचं.

पुढे शिकवायला लागल्यावर मला त्या चौकाचं नवल वाटायला लागलं. शाहू महाराजांचा पुतळा मधोमध आणि भोवतीनं बोर्डिंगं. 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग; 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. संस्थानानं जागा दिल्या, अनुदानं दिली, उत्पन्नं लावून दिली. खेड्यातला हुशार पोरगा शाळा सोडतो तो डोक्याअभावी नव्हे, शहरात पाठ टेकायला जागा नाही म्हणून, हे महाराजांनी ओळखलं होतं. शंभर वर्षांनी त्याच चौकातला मठ आणि तेच मुस्लिम बोर्डिंग पूरग्रस्तांसाठी उघडतं. जागा कुणासाठी बांधली आणि कुणाच्या उपयोगी पडली, याचा हिशेब कोल्हापुरात फारसा कुणी विचारत नाही.

कोल्हापुराजवळची अशीच दुसरी जागा म्हणजे गांधीनगर. अण्णा कापड आणि अस्तर आणायला तिथे जायचे. तिथलं सिंधी व्यापाऱ्यांचं घाऊक मार्केट सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला माहीत आहे. पण ते मार्केट जिथे उभं आहे, तिथे आधी वळिवडेची छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून सुटून आलेले सुमारे 5,000 पोलिश निर्वासित, त्यांतल्या बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत तिथे राहिले. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं छावणीत. ते गेले आणि फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं तिथे आली. पोलंडच्या लोकांनी ते ऋण विसरू दिलं नाही. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक. ते लोक बेघर झाले होते हे जगाला माहीत आहे, म्हणून त्यांना स्मारक उभारता आलं. आम्ही झालोच नाही, तर आम्ही कशाचा स्तंभ उभारणार?

पाणी ओसरल्यावरचे दिवस पाण्यापेक्षा वाईट. गाळाचा वास नाकातून जात नाही. वह्या फुगून विटेसारख्या झालेल्या. मागची भिंत पोटाशी फुगली होती. आणि पंचनाम्याच्या दिवशी मालक दारात येऊन उभा राहिला.

"घर माझं हाय, माझ्या नावावर लिवा. ही लोकं सोडून चालल्यातच."

पथकात एक क्लार्क बाई होत्या. साडीला गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पॅड. त्यांनी मालकाकडे पाहिलं, मग आत आल्या. भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या, भिजून वाळलेल्या मापाच्या चिठ्ठ्या पाहिल्या, चिखलात बसलेली शेगडी पाहिली. आईला विचारलं, "रेशन कार्ड?" आईनं प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिलं. कागदं घ्या असं मामांनी सांगितलेलं.

"मालक कोण ते कोर्ट बघेल," बाई म्हणाल्या. "माझ्या तक्त्यात राहतंय कोण एवढंच विचारलंय." आणि भाडेकरू म्हणून अण्णांचं नाव, माणसं, भिजलेलं सामान असं वेगळं लिहिलं. अण्णांची सही घेतली, शेजारच्यांची पंच म्हणून घेतली.

त्या वर्षी शासनानं पूरग्रस्त कुटुंबांना शहरात 15,000 आणि ग्रामीण भागात 10,000 रुपये सानुग्रह अनुदान दिलं. त्यातले 5,000 रोख, उरलेले बँकेत. ज्यांची घरं पूर्ण पडली, त्यांना दुसरीकडे भाड्यानं राहण्यासाठी शहरात 36,000 रुपये ठरले. आमचं घर पूर्ण पडलेल्यांत बसलं नाही. पण ते 15,000 आमच्या हातात आले ते नेमक्या वेळी. आईनं त्यातला रुपया मोडू दिला नाही. "ह्याचं डिपॉझिट भरायचं. साड्या-भांडी मी बघतो," म्हणाली. जवाहरनगरात एक खोली मिळाली ती त्या पैशावर.

दरम्यान वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस लागली. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 ची ही नोटीस दर पावसाळ्याआधी शहरातल्या जुन्या वाड्यांना लागते आणि ती लागली की भाडेकरूच्या पोटात गोळा येतो. वाडा पडला की त्याचा हक्कही ढिगाऱ्यात गेला, असं समजणारे मालक कमी नाहीत. म्हणजे माणसाचा जीव वाचवणारा कागद आणि त्याला रस्त्यावर आणणारा कागद एकच असू शकतो. तो कोणत्या बाजूला पडेल, हे मोजमापाचा टेप कोण धरतो त्यावर ठरतं.

आमच्याकडे टेप धरायला एक तरुण कनिष्ठ अभियंता आला. कोण भाडेकरू किती जागा वापरत होता, हे इमारत पाडण्याआधी मोजून लिहून ठेवायचं असतं. त्यानं ते मन लावून केलं. दोन्ही खोल्या, मधला बोळ, मोरीसुद्धा. आई म्हणाली, "पाडायचंच हाय तर मोजतोस कशाला बाळा?"

"पाडायला लागणारच, काकी. भिंत कुणाच्यातरी अंगावर यील. पण तुमी हितं ऱ्हात हुता हे उद्या कुणीतरी म्हणायला पायजे का नको? ते हा कागद म्हणंल."

वाड्याचा वाद आजही मिटलेला नाही. पण अण्णांच्या जागेचं मोजमाप आमच्याकडे आहे आणि मालकालाही ते माहीत आहे.

हे सगळं ऋण मला नीट कळलं, ते तात्यांमुळे.

तात्या त्याच वाड्यात मागच्या अंगाला एका खोलीत राहायचे. एकटे. रंकाळ्यावर शेंगदाणे-फुटाणे विकायचे. नातेवाईक होते म्हणतात, पण येताना कुणी पाहिले नव्हते. महापुरात त्यांच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि पंचनामा झाला तेव्हा ते रुग्णालयात होते. त्यांची खोली बंद, गाळानं भरलेली. भाडेपावती कधी मिळाली नव्हती, रेशन कार्ड कुठल्यातरी दुसऱ्या पत्त्यावर. 'राहतंय कोण' या प्रश्नाला उत्तर द्यायला त्या दाराशी कुणी नव्हतं. आम्ही शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं, अर्जही दिला. तो कुठेतरी फिरत राहिला. वाडा उतरवला गेला आणि तात्या मध्यवर्ती बसस्थानकावर झोपायला लागले.

तेच पाणी, तोच वाडा, तोच मालक. आमच्याकडे एक मशीन, एक पिशवी कागद आणि वेळेवर आलेली तीन माणसं होती. तात्यांच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. यापलीकडे आमच्यात आणि त्यांच्यात काही फरक नव्हता.

तात्यांना रस्त्यावरून उचललं ते शहरी बेघर निवाऱ्यातल्या एका ताईंनी. या निवाऱ्यांमागे मोठा इतिहास आहे. 2001 पासून सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काची याचिका चालू होती. 2010 च्या जानेवारीत दिल्लीत ऐन थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेल्याचं न्यायालयासमोर आलं आणि अन्नाबरोबर निवाऱ्याचाही प्रश्न उभा राहिला. शहरांत बारमाही, चोवीस तास चालणारे निवारे हवेत, असे आदेश निघाले. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यात निवाऱ्यांचे निकष ठरले: लाख वस्तीमागे निदान शंभर माणसांची सोय, माणशी 50 चौरस फूट जागा, अंथरूण, स्वयंपाकाची व्यवस्था, सामानाला कुलूप. जागा महापालिकेनं द्यायची, चालवायला बहुधा एखादी संस्था. 2011 च्या मोजणीत कोल्हापूर शहराची वस्ती 5 लाख 49 हजार होती. म्हणजे या शहराला किती खाटा लागतात, ते ज्यानं त्यानं मनाशी करून पाहावं.

ताई आणि महापालिकेचं पथक रात्री फिरायचं. बसस्थानक, रेल्वे स्टेशन, अंबाबाई मंदिराचा परिसर, रंकाळा. तात्या पहिल्यांदा अंगावर धावून गेले. "मी काय भिकारी न्हाई. धंदा हाय माझा." दुसऱ्यांदा नुसतेच गप्प बसले. मग ताईंच्या लक्षात आलं, की तात्या रात्रभर झोपतच नाहीत. फुटाण्याची पेटी आणि तराजू कुणी नेईल म्हणून बसून असतात. पुढच्या खेपेला त्यांनी निवाऱ्याची, जेवणाची गोष्टच काढली नाही. "आमच्याकडं कपाटाला कुलूप हाय, तात्या. किल्ली तुमच्याजवळ ठेवा," म्हणाल्या.

तात्या त्या रात्री आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले.

मी त्यांना भेटायला जायचे तेव्हा ताईंचं काम जवळून पाहिलं. माणूस निवाऱ्यात आणणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग टेबलावर सुरू होतो. आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा, तर पत्ता पाहिजे. पत्ता नाही म्हणूनच तर माणूस इथे आला. मग निवाऱ्याचं पत्र जोडायचं. पासष्टीच्या पुढच्या निराधाराला श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन मिळतं, पण त्याला वर्षाला 21,000 च्या आतलं उत्पन्न असल्याचा दाखला हवा, महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा दाखला हवा, वयाचा पुरावा हवा, बँकेचं खातं हवं. ज्यानं आयुष्य या शहरात काढलं, त्यानं आपण इथलेच हे सिद्ध करायचं. ताई एकेक कागद धरून बसायच्या. तात्यांचं वय शोधायला त्यांनी गावच्या शाळेतून जुन्या रजिस्टरचा उतारा मागवला. कुणी सून भांडल्यामुळे आलेला, कुणी दारूपायी, कुणाचं मन ठिकाणावर नाही. ज्याचा धागा जिथे तुटला असेल, तिथे गाठ मारायची.

तात्यांचं वेतन सुरू झालं, पुढे ते महिना 1,500 झालं. त्यात या शहरात खोली मिळत नाही. तात्या अजून निवाऱ्यातच आहेत. निवाऱ्यांचे निकष ठरवणारं ते उपजीविका अभियान सप्टेंबर 2024 मध्ये संपलं. अभियानं संपतात, तात्यांसारखी माणसं उरतात.

आमच्यासाठी एकदाच 15,000 रुपये लागले, एक पंचनामा आणि एक मोजमाप. तात्यांसाठी खाट, रखवाली, स्वयंपाक, ताईंचा पगार, दाखल्यांची पायपीट, आणि तरीही हातात घर नाही. घर गेल्यावर ते परत मिळवण्यापेक्षा जाऊ न देणं किती स्वस्त पडतं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं. पण निवाऱ्याचं उद्घाटन करता येतं, फोटो काढता येतो. वेळेवर लिहिलेल्या पंचनाम्याची फीत कोण कापणार?

मामा आता निवृत्त झालेत. मध्यंतरी नातीचा गणवेश शिवायला आले, तेव्हा अण्णांनी पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. मामांनी शिलाईचे पैसे मशीनवर ठेवले. "फुकट शिवायला लागलास तर परत खोली जायची तुझी," म्हणाले. क्लार्क बाईंची बदली झाली, त्या कुठे असतात कळलं नाही. अभियंत्याचं नाव त्या मोजमापाखालच्या सहीत आहे, तीही अर्धवटच लागते.

अशी ऋणं माणसाला परत करता येत नाहीत, पण पुढे देता येतात. मी आता महापालिकेच्याच शाळेत शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू झाली की नदीकाठच्या आणि नाल्याकाठच्या मुलांच्या पालकांना बोलावते. रेशन कार्ड, आधार, भाड्याची पावती किंवा करार, लाइट बिल यांच्या झेरॉक्स शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवून घेते. पहिल्या वर्षी एक आई म्हणाली, "बाई, तुमी पोरास्नी शिकवायचं सोडून तलाठ्याचं काम काढलंय व्हय?" 2021 ला नदी 56 फुटांच्याही वर गेली, तेव्हा तीच बाई कपाट उघडायला सगळ्यात पुढे होती.

एक काम मात्र माझ्या कपाटानं होत नाही. ज्याच्या घरात शाळेत जाणारं पोर नाही, त्याचे कागद माझ्यापर्यंत येत नाहीत. ते महापालिकेनं करायला हवं. प्रत्येक प्रभागात पावसाळ्याआधी एकट्या राहणाऱ्या भाडेकरूंची यादी व्हावी, आणि पंचनाम्याचं पथक आलं की ज्या दाराला कुलूप आहे, तिथला माणूस कुठे आहे हे आधी विचारावं. खर्च म्हणाल तर एक वही. त्या वहीमुळे कोण वाचलं हे पुन्हा कुठेच लिहिलं जाणार नाही, पण ती वही का हवी, याला आमच्या जुन्या गल्लीतले दोन साक्षीदार आहेत: एक मी आणि दुसरे तात्या.